दोन प्लांट, एक टाकी आणि टँकर

टँकरचं नाव काढलंस म्हणून सांगतो. त्या दुष्काळी उन्हाळ्यात आमच्या कंपनीच्या जुन्या आणि नव्या, दोन्ही प्लांटची माहिती पुण्याच्या हेड ऑफिसला आपोआप जावी, म्हणून आमच्या वैशाली मॅडम सॉफ्टवेअर लावत होत्या. गंमत अशी, की दोन्हीकडं पाण्याच्या टाकीचं नाव 'टाकी एक'च! झालं, अजून सुरूही न झालेल्या नव्या प्लांटची कोरडी टाकी पुण्यात जुन्या टाकीच्या जागी दिसायला लागली. तिथल्या साहेबांनी काही न विचारता टँकर धाडला.

ड्रायव्हर आमच्या जुन्या प्लांटच्या गेटवर येऊन विचारतो, "पाणी कुठं वतू?" आमची टाकी तर काठोकाठ भरलेली!

मॅडमनी घाबरतच फोन लावला. "साहेब, चूक माझी. टाक्यांना वेगळी नावं द्यायला हवी होती."

साहेब म्हणाले, "आलेला टँकर परत फिरवू नका. तिथं कुणाकडं पाणी नाही?"

मी मागूनच ओरडलो, "गारखेड्यात, आमच्या गल्लीत!"

लई दिवसांनी गल्लीतली सगळी पिंपं भरली. बायका अजून त्या साहेबांना दुवा देतात.

आठवड्यानं त्यांचाच फोन. "मॅडम, ती टाक्यांची चूक दुरुस्त केली का?"

"हो साहेब, त्याच दिवशी."

"एवढी घाई कशाला केली?"