फौजदाराच्या कोटाची चेन

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर शिंपी मित्राशी बोलत होते.

"मी कपडे शिवले ती टीव्ही मालिका दीडशे वर्षांपूर्वीच्या खुनांची, आणि मी घाईत फौजदाराच्या कोटाला बटणांऐवजी चेन लावून दिली!"

"अहो, तेव्हा चेन कुठली? कुणाला दिसली नाही?"

"जुन्या डीव्हीडीत सगळा अंधारच. पण परवा मुलीनं त्याच मालिकेची नवी ब्लू-रे डिस्क आणली. त्यात टाका न् टाका दिसतो."

"मग गेली म्हणायची अब्रू!"

"जीव मुठीत धरून बसलो होतो. बघतो तर चेनीवर कापडाची पट्टी, आणि वर पाच बटणं!"

"कुणी लावली?"

"हिनंच. तेव्हा काजं-बटणं हीच करायची."

"आणि वहिनी इतकी वर्षं बोलल्या नाहीत?"

"म्हणाली, तुम्ही घाबरलाय हे मला कुठं ठाऊक होतं? परवा टीव्हीसमोर माझा हात घट्ट धरलात, तेव्हा कळलं."