सेल्फ काढलेली गाडी

तुम्ही हसाल, पण मी एकदा रेसची गाडी बांधली होती. आकुर्डीत खोली घेऊन एकटा राहायचो तेव्हा. भंगारातल्या टॅक्सीची चासी, त्यावर जुन्या जीपचं इंजिन. दोन गाड्या सरळ रेषेत सुटतात, पुढे जाईल तो जिंकला, अशी ती रेस. म्हणून वजन कमी करायला दारं काढली, मागची सीट काढली, शेवटी सेल्फसुद्धा काढला. खोलीपुढच्या उतारावर सोडली की गाडी चालू व्हायची, मग सेल्फ कशाला?

रेस रविवारी होती. टेम्पोवाल्यानं गाडी ओढत जुन्या धावपट्टीवर आणून सोडली आणि तो गेला. धावपट्टी ताटासारखी सपाट. माझा नंबर पुकारला. तिथले साहेब म्हणाले, "चालू करा."

"धक्का लागेल साहेब."

"मग तुमची माणसं बोलवा. बाहेरच्यांना आत सोडत नाही."

मी उगाच मागं वळून बघितलं.

"कामावर आहेत," म्हटलं. "आमच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते."

त्यांना पटलं. "अरेरे, गुरुवारी ठेवायला हवी होती रेस," म्हणाले आणि माझा नंबर खोडला.

मीही मान डोलावली, राव. जसं काही गुरुवारी कुणी येणार होतं.