डाव्या बाजूचा माणूस

कलीम : परत मेलास! अरे, तो समोर उभा होता, उमाकांत.

उमाकांत : समोर नही व्हता. कोठून तरी उना आणि गोळी मारी गया. तुन्हं नवं ग्राफिक्स कार्डबी अडकस, कलीम.

कलीम : कार्ड अडकत नाही, भाऊ. जुनं अडकत होतं, मान्य. त्याच्या पंख्यात धुळीचा हा एवढा गोळा निघाला. पण हे बघ ना, कोपऱ्यात वेगाचे आकडे दिसतात. लोण्यासारखा चालतोय गेम.

उमाकांत : मग मॉनिटरमा खोट शे.

कलीम : तुझ्यासमोर खोक्यातून काढला. तूच म्हणत आलास, जुना मॉनिटर छोटा आहे, बाजूचं दिसत नाही, पोरं टीममधून काढायला बसली, मोठा लाव. लावला. कॉलेजच्या वेळचा तुझा हा कॉम्प्युटरचा डबा, त्याला नवं कार्ड झेपावं म्हणून पॉवर सप्लायसुद्धा बदलला. आता अजून काय बदलू?

उमाकांत : छोट्यावर बरं दिसे. याच्यावर तर कायच समजत नही. जेवढं बघस तेवढंच दिसस.

कलीम : तेच मला कळेना. मोठ्यावर जास्त दिसायला पाहिजे. थांब, रेकॉर्ड केलंय. हळू लावतो. बघ. हा दाराआडून निघाला, डावीकडून. चालतोय. अजून चालतोय. तुझ्याकडे तोंड करून उभा राहिला. आता बंदूक उचलली.

उमाकांत : कोठे?

कलीम : मस्करी करतो का यार?

उमाकांत : कोठे शे, कलीम? ...हां. हां, आता दिसना. मान फिरवी तव्हय दिसना.

कलीम : दिसला ना? मग मान कशाला फिरवावी लागली?

उमाकांत : मोठा शे ना मॉनिटर.

कलीम : एवढा पण मोठा नाही. सरळ बस. स्क्रीनच्या मधोमध बघ, डोळे हलवू नको. हा स्क्रू काढायचा पेचकस मी तुझ्या कानाजवळून पुढे आणतो. दिसला की बोल.

उमाकांत : आण.

कलीम : आणतोय.

उमाकांत : आण ना मग.

कलीम : उमाकांत, तुझ्या गालापुढे आलाय तो.

उमाकांत : खोटं नको बोलू.

कलीम : खोटं कशाला बोलू? बघ, अजून पुढे आणला.

उमाकांत : ...आता दिसना.

कलीम : आता दिसला? नाकासमोरच आला जवळजवळ. दुसऱ्या बाजूनं बघू.

उमाकांत : ऱ्हाऊ दे.

कलीम : बघू तर.

उमाकांत : म्हनं ना, ऱ्हाऊ दे!

(उमाकांतची बायको यामिनी दुकानाच्या पायरीवर येते. तिच्या मागे रस्त्याकडेला त्याची धडगावला जाणारी प्रवासी जीप भरून उभी आहे. ऊन उतरलं आहे.)

यामिनी : अहो, सगळ्या सीटा भरल्या. टपावर सामान बांधून झालं. माणसं ओरडताहेत, अंधाराआधी घाट चढू म्हणून. आणि तुमचा खेळच चाललाय?

उमाकांत : येस. चाल.

कलीम : वहिनी, थांबा. गाडी कोण चालवणार?

यामिनी : हा काय प्रश्न झाला, कलीमभाऊ? हेच चालवणार. रोज चालवतात.

कलीम : त्याला बाजूचं दिसत नाही.

उमाकांत : कलीम, तू कार्ड बसव. डॉक्टर नको बनू.

कलीम : नाहीच मी डॉक्टर. पण गालापाशी आणलेला पेचकस त्याला दिसला नाही, वहिनी. आत्ता, तुम्ही यायच्या आधी.

यामिनी : ...डावीकडे म्हैस. डावीकडे सायकल.

कलीम : काय?

यामिनी : मी शेजारी बसले की सारखी सांगत असते. हे हसतात. म्हणतात, मास्तरीणबाईंनी गाडीतपण शाळा भरवली.

उमाकांत : ती तुन्ही सवय शे.

यामिनी : मला ही सवय का लागली? लग्न झालं तेव्हा नव्हती. आणि मोलगीच्या बाजारात मी गप्प बसले होते.

उमाकांत : ते नको काढू.

यामिनी : दिवलीबाई...

उमाकांत : ती अचानक आडवी उनी!

यामिनी : अचानक नाही आली हो. डोक्यावर टोपली घेऊन गाडीच्या माझ्या बाजूच्या दारापासून चालत पुढे गेली. सावकाश. मला वाटलं, एवढी ठळक बाई, तुम्हाला दिसतेच आहे, तुम्ही थांबणार. गाडी लागून तिचा खुबा मोडला. पंचांपुढे तुम्ही म्हणालात, ती आडवी आली. तिनंसुद्धा मान हलवली. तिला वाटलं, आपलीच चूक. अजून खाटेवर आहे ती.

उमाकांत : माले खरंच दिसनी नही, यामिनी. देवनी आण.

यामिनी : ते मला आत्ता कळलं.

उमाकांत : रातले लाईट मंद वाटे म्हणून बल्ब बदलात मी. दोन डाव बदलात. ...बापनीबी बदलेल व्हतात.

यामिनी : मामंजींनी?

उमाकांत : चाळिशीमा गाडी सोडी त्यानी. कंबर दुखस म्हने. मन्हं कॉलेज सोडाडं आणि किल्ली मन्हा हातमा दिधी. पण आजबी तो पोतं उचलस. फक्त दिवा लावाना टाइम व्हयना का भिंतले हात लाई चालस.

कलीम : म्हणजे त्यांना माहीत होतं?

उमाकांत : ईचारं नही मी. आता ईचारानी भीती वाटस.

यामिनी : बाहेर हॉर्न वाजवताहेत.

उमाकांत : आजना दिन जाऊ दे. एवढी एक फेरी. तू बाजूले बस, बोलत ऱ्हाय. रोज बोलस तशी.

यामिनी : चांदसैलीच्या घाटात?

उमाकांत : आतापावत गयूच ना मी!

यामिनी : मागच्या सीटवर तुळशीबाईची ओली बाळंतीण लेक बसलीय, मांडीवर तान्हं पोर. तिला जाऊन सांगा, मला दिसत नाही, बायको सांगेल तशी गाडी वळवतो. ते ऐकून जी बसेल तिला न्या. मी येते शेजारी.

कलीम : वीरसिंग मघाशी चहाच्या टपरीवर दिसला. आज त्याची गाडी गॅरेजला आहे.

उमाकांत : फोन लाव. ...नही, माले दे, मी बोलस. हॅलो, वीरसिंग? मन्ही गाडी धडगावले तू लई जाय. आत्ता. कलीमना दुकानपुढे उभी शे. ...नही, गाडी चांगली शे. ...नही रे, पेयेल नही मी. माले दिसत नही. ...हां, तेच म्हनं. दिसत नही. ...उद्याबी तूच. ये लवकर.

कलीम : येतोय?

उमाकांत : येस. मी मागे बठसू, पोतासवर.

कलीम : डबा इथेच ठेवतो, भाऊ. मॉनिटर बंद करू का?

उमाकांत : ऱ्हाऊ दे जरा चालू.

यामिनी : अहो.

उमाकांत : आता काय?

यामिनी : आपली चिंगी तिन्हीसांजेनंतर ओट्यावरून खाली उतरत नाही.

उमाकांत : भित्री शे ती.

यामिनी : दिवसा आंब्यावर चढते. साप दिसला तर काठी घेऊन जाते. परवा अंगणात माझ्यासमोर उभी होती. चांगलं टिपूर चांदणं होतं. मला म्हणाली, आई, तू कुठे आहेस?

कलीम : वहिनी, बसा. पाणी देतो.

उमाकांत : ...उद्या डोळाना डॉक्टरकडे येऊत.

यामिनी : हो.

उमाकांत : पोरलेबी संगे आणूत.