या सांगाड्यात चाडं कुठं बसते?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, गावाचे सरपंच माननीय दौलतराव. पंचायत समितीहून आलेले पाहुणे. ज्यांच्या गळ्यात आज हार पडले ते आपले शेतकी अधिकारी उदयसिंग साहेब. खुर्चीवरची मंडळी, सतरंजीवरची मंडळी आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या माझ्या बाया हो! ज्यांना राम राम त्यांना राम राम, ज्यांना जय भीम त्यांना जय भीम.

अध्यक्षांनी परवा दवंडी दिली, भाषण लिहून आणल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. मी सोजरबाई. अक्षराची आणि माझी कधी ओळख झाली नाही. म्हणून मी सांगितलं आणि बालवाडीच्या लिलाबाईनं लिहिलं. माझ्या बोलीला तिनं पुस्तकी लुगडं नेसवलं आहे. मधूनच पदर सुटला तर हसू नका. हा पाहा कागद. दौलतराव, दिसला ना? उलटा धरला असेल तर लिलाबाई खूण करील. मला पाठ आहे.

अध्यक्षांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं, त्या लोखंडी सांगाड्याचा विषय काढायचा नाही. तर आता सांगाड्याचं सांगते.

पाहुण्यांना ठाऊक नसेल. दुष्काळ सरला त्या सालापासून या शाळेत दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी शेतकऱ्यांचं चर्चा मंडळ भरतं. बाहेरगावचे साहेब येतात, भिंतीला तक्ता टांगतात, नवी पद्धत सांगतात. मी पहिल्या मंगळवारपासून येते. कशासाठी? खोटं कशाला बोलू, चहासाठी. पण ऐकता ऐकता गोडी लागली. एक ध्यानात आलं, दर साहेब म्हणतो की आता हेच खरं, मागच्यानं सांगितलं ते विसरा. आणि आपली मंडळी? काही जण प्रश्न विचारायला उठतात आणि भाषण देऊन खाली बसतात. मी कोणाचं नाव घेत नाही. फुलचंदभाऊ, तुमी काहून खाली पाहून राह्यले?

गेल्या सालच्या उन्हाळ्यात तो सांगाडा आला. दोन चाकं, लोखंडी चौकट. त्यालाच नांगर जोडा, त्यालाच वखर जोडा, त्यालाच पेरणीची पेटी जोडा. एक सांगाडा घेतला की घरची सारी अवजारं चुलीत घालायला मोकळे! टाळ्या काय पडल्या म्हणता! मी दाराजवळून विचारलं, "साहेब, या सांगाड्यात चाडं कुठं बसते?"

चाडं म्हणजे पेरणीच्या तिफणीवरचं लाकडी वाडगं. मागून बाई चालते, मुठीतून त्यात दाणा सोडते. बाहेरगावचे साहेब हसले. म्हणाले, "आजी, पेटीतून दाणा आपोआप पडतो. हाताचं कामच उरलं नाही." सगळे हसले. उदयसिंग साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग पेरणीच्या दिवशी दौलतरावांच्या वावरात सांगाडा चालवून दाखवला. अकोल्याचा फोटोवाला आला होता. बांधावर सारं गाव. मी सवयीनं सांगाड्याच्या मागं चालत होते. पाहते तर मातीत ओढलेला तास कोरा. बोटानं उकरला. वीस पावलं उकरला. दाणा नाही. आपली काळी माती दाण्याच्या नळीत जाऊन बसली होती, आणि पेटी वरून भरलेली.

मी ओरडले, "मालक, दाणा पडून नाई राह्यला!"

दौलतराव म्हणाले, "बुढे, सरक बाजूले. फोटो निघून राह्यला!"

फोटो निघाला. मी त्यात आहे म्हणतात, वाकलेली.

उदयसिंग साहेब मात्र बूट काढून चिखलात उतरले. माझ्या शेजारी उकिडवे बसले, स्वतः तास उकरला आणि विचारलं, "आजी, तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणाले, "दाणा सरला का अटकला, हाताले समजते. पेटीले हात नाई साहेब, मंग तिले कसं समजंन?"

पुढच्या मंगळवारी त्यांनी मला फळ्याजवळ बसवलं. म्हणाले, आज सोजरबाई सांगतील. मी काय सांगणार? ज्वारी भरलेलं सूप पुढं ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, धरा मूठ." त्यांनी सोडली तर सगळी ज्वारी एका जागी! म्हटलं, इथं कणसं कसली, झुडूप उगवेल. तेही हसले, पण मूठ सोडली नाही. दिवे लागेपर्यंत शिकत राहिले. इतकी सालं साहेब लोकांना ऐकलं, पण शिकणारा साहेब हा एकच पाहिला.

नंतर ग्यानबा सुतारानं पेटी काढून त्याच सांगाड्यावर चाडं बसवलं. मागं आमच्यातली केशरबाई चालली. कोऱ्या राहिलेल्या वावरात ज्वारी दोरी धरल्यासारखी उगवली, हे गावानं पाहिलं आहे. सांगाडा वाईट नव्हता हो. करणाऱ्यानं कधी पेरणाऱ्या बाईला विचारलं नव्हतं.

साहेबांनी हेच वर लिहून पाठवलं. पेटी या मातीत चालत नाही, चाड्यानं चालते, आणि चर्चा मंडळात बायांना बोलवावं. वरून निरोप आला, 'प्रयोग यशस्वी' एवढंच लिहा. त्यांनी लिहिलं नाही. आता बदली होऊन तेल्हाऱ्याला निघाले. बढती आहे का, पाहुणे? नाही ना? मग या हारांचं वजन मला नका सांगू.

आणि आज सकाळी शाळेच्या दारावर कागद लागला. लिलाबाईनं वाचून दाखवला. पुढच्या महिन्यापासून सातबाऱ्यावर नाव असेल त्यानंच चर्चा मंडळात बसायचं. दौलतराव, सातबाऱ्यावर माझं नाव कुठून येईल? मी मजूर बाई. पण तुमी बांधावरच्या झोळीत रडत होते, तवा मी तुमच्या बापाच्या वावरात चाड्यावर होते. तुमचं एकही पीक माझ्या मुठीवाचून उगवलं नाही.

बायांनो, गेल्या साली ज्यांनी चाड्यावर मूठ धरली त्यांनी आत या. या ना, लाजता कशाला? अध्यक्षांना तोंडं पाहू द्या.

आता ऐका. पहिल्या मंगळवारी आम्ही येणार. दार उघडं असलं तर सतरंजीवर बसू. बंद असलं तर बोंब मारणार नाही, घरी जाऊ. मग पेरणीच्या दिवशीही घरीच राहू. दारावरचा तो कागद काढा, चाड्याजवळ उभा करा आणि त्याच्या मुठीतून पेरा.

उदयसिंग साहेब, शाल गावाची, नारळ गावाचा. हे चाडं माझं. चाळीस सालांचं आहे, काठ झिजला आहे. तिकडं नवा साहेब तक्ता टांगील, तेव्हा हे टेबलावर ठेवा आणि विचारा, हे कुठं बसते?

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण चहा थंड होईपर्यंत ऐकलं, सगळ्यांची आभारी आहे. म्हातारीच्या तोंडून चुकून काही वावगं गेलं असेल, तर पोटात घाला. जे मुद्दाम बोलले, ते मात्र माफ करू नका. मंगळवारपर्यंत ध्यानात ठेवा.