अनंताचं फूल आणि अण्णांची हद्द

मंडळी, आज एकच विचारते. दुसऱ्याच्या कुंपणावरून चोरलेलं फूल देवाला पोचतं का? — हसू नका! पहिल्या रांगेतल्या काकू, तुम्ही तर मुळीच हसू नका! पोचतं? बरं, मग पुण्य कोणाचं? तोडणाऱ्याचं, की झाड लावणाऱ्याचं?

ऐका तर. कुडाळला आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मोजणी खात्यातून निवृत्त झाले. साऱ्या तालुक्याच्या हद्दी या माणसानं मोजल्या! आई गेली, आणि तिनं लावलेलं अनंताचं झाड मागे राहिलं. रोज एक फूल यायचं. ते अण्णा आईच्या फोटोला वाहायचे. आणि एके सकाळी — फूल नाही! दुसऱ्या दिवशी नाही! आठवडाभर फोटो तसाच!

"तिचं एक फूल राखता येत नाही मला?" अण्णा पेटले! चार कोपऱ्यांत चार कॅमेरे. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतल्या बाजूनं सेन्सर. कोणी आत आलं की भोंगा! आणि भोंग्यात अण्णांचाच आवाज भरलेला: "खबरदार! ही खाजगी हद्द आहे!"

मग? नारळाची झावळ पडली — "खबरदार!" वानर आलं — "खबरदार!" अण्णा स्वतः लुंगी सावरत दात घासायला बाहेर आले — "खबरदार!" स्वतःच्याच आवाजाला दचकले, आणि ब्रश टाकून घरात पळाले!

आणि फूल? फूल गेलंच! भोंगा गप्प!

मला फोन केला. "ये. चित्रण बघू." बसलो दोघं. पहाटेचा उजेड. गडग्यावरून हळूच आत आली — काठीला बांधलेली आकडी! चोर बाहेर रस्त्यावर. आत पाऊलच नाही, तर सेन्सर बिचारा काय करणार? अण्णा म्हणाले, "हद्द पाळतोय गं चोर!" — बघा, खात्याचा माणूस!

तेवढ्यात चित्रणातून आवाज आला. "इंदू, एक नेते गं."

इंदू म्हणजे माझी आई. आवाज शेजारच्या शालिनीकाकूंचा. अण्णांनी ते पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा झाडाखाली उभे. आकडी आली.

"वहिनी!"

आकडी हवेतच थांबली. "अण्णा? दत्ताला नेते हो. विचारून नेते."

"मालक मी आहे!"

"सातबारा तुमचा. झाड तिचं. तिला विचारते."

"आणि माझ्या फोटोचं काय?"

"तुम्ही विचारलंत कधी तिला?"

मंडळी, अडतीस वर्षांचा संसार! या माणसानं बायकोला विचारून कधी चप्पलसुद्धा घेतली नव्हती! अण्णांनी घसा खाकरला. झाडाकडे तोंड केलं. अगदी सरकारी आवाजात म्हणाले, "इंदू... आज मी घेऊ का?"

गडग्यापलीकडून काकू म्हणाल्या, "घ्या म्हणते. उद्याचं दत्ताचं!"

तेव्हापासून वाटणी ठरली. एक दिवस फोटोला, एक दिवस दत्ताला. यंदा अण्णाही गेले. आता फूल मी तोडते. दोघांना विचारते.

तर पोचतं का? ते देवाला ठाऊक. पण उद्या पहाटे तुम्ही पिशव्या घेऊन निघणारच — नाही म्हणू नका! तेव्हा फांदी वाकवण्याआधी विचारा. ज्याचं झाड, त्याचं नाव घेऊन. आणि मोठ्यानं विचारा. आत कोणीतरी ते पुन्हा पुन्हा लावून ऐकत बसतं.