फोटोतला मोकळा रस्ता

चहा घे आधी, मग सांगतो माझा वैताग. आमची गाडी अजून बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे चलान फाटलं की मेसेज त्यांच्या मोबाइलवर येतो. परवा ताईकडे मुलुंडला सत्यनारायण होता. ऑफिसातून, अंधेरीहून निघालो आणि लिंक रोडवर दोन तास नुसता क्लच दाबत बसलो. पुढे हायवेच्या एका फ्लायओव्हरवर रस्ता मोकळा मिळाला, म्हणून जरा गाडी पळवली. तरी पोचेपर्यंत आरती आटोपली होती.

"ट्रॅफिक होतं गं," मी ताईला म्हटलं.

तेवढ्यात बाबांचा मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा लावून सगळ्यांसमोर वाचलं, "वेगमर्यादेचं उल्लंघन." सोबत फोटोही होता. ताईनं तो मोठा करून बघितला.

"कुठंय रे तुझं ट्रॅफिक? मागे काळं कुत्रं दिसत नाही!"

दोन तास रांगत होतो, तेव्हा फोटो कोण काढतंय?

बाबा म्हणाले, "सरकार म्हणतं जोरात आलास, ताई म्हणते उशिरा आलास. नक्की केलंस काय तू?"

"काही नाही बाबा. अंधेरीहून निघालो."