मोठ्या बाईंची खोली

तेजस्वी : काका, उदबत्ती कोणी लावली? कालच फोनवर सांगितलं होतं ना, काही लावू नका, खिडक्या उघडू नका, खोली आहे तशी राहू द्या.

रघू : ताई, तुमी मुंबैवरनं सकाळच्या बोटीनं येनार, पाहुनं मानूस. बंगल्यात वास चांगला नको?

तेजस्वी : मी वास घ्यायला नाही आले. हा पंप खोलीतली हवा ओढून घेतो आणि त्यात बुरशी किती, ते लॅबमध्ये बघतात. धुराने रीडिंग चुकतं. आता धूर बसेपर्यंत एक तास गेला माझा.

सोनाबाई : बस गं बाय तवर. च्या टाकते. आमच्या ह्यांना नको तिथं शानपना करायची सवयच हाय.

रघू : शानपना न्हाय गं. मोठ्या बाईंची खोली हाय ही. त्यांना मोगऱ्याची उदबत्ती लागते.

तेजस्वी : मोठ्या बाई म्हणजे साहेबांच्या आई ना? त्यांच्यासाठीच तर मला पाठवलंय. दिवाळीत इथे चार रात्री झोपल्या आणि खोकला धरला, तो अजून सुटत नाही. डॉक्टर म्हणाले, त्या बंगल्याची हवा तपासून घ्या.

रघू : खाऱ्या वाऱ्याचं हाय ते. तसंच लिवा तुमी.

तेजस्वी : खाऱ्या वाऱ्याने कपाटामागे बुरशी येत नाही, काका. हे बघा, टॉर्च अशी आडवी धरली की दिसते. काळी-हिरवी, पार छतापर्यंत.

सोनाबाई : आगं बाई! आन मी दिसतं तेवढंच पुसत व्हते.

तेजस्वी : आता गंमत बघा. हे मीटर भिंतीला टोचलं, तर भिंत कोरडी. कौलं मी बघितली, शाबूत आहेत. नळ या बाजूला नाहीच. म्हणजे पाणी बाहेरून आलं नाही. ओल खोलीतच होती, पावसाळाभर. काका, पावसात ही खोली बंदच होती ना?

रघू : कुलूप. चावी माझ्या करगोट्याला.

तेजस्वी : मग हे खिळे कसले? चार या भिंतीत, चार समोरच्या.

रघू : तोरनाचे.

सोनाबाई : आडवी चार तोरनं? लगीन व्हतं कुनाचं?

तेजस्वी : काकी, कपाटाचं ते टोक धरता? जरा पुढे ओढू. थांबा, थांबा. मागे काहीतरी पडलंय. लहान बाळाचं टोपडं वाटतं.

सोनाबाई : बघू. अवो, हे तर आपल्या नातवाचं! लाल गोंड्याचं, मी शिवलेलं! श्रावनभर शोधत व्हते मी. शेजारच्या आवडाबाईनं दोरीवरनं उचललं म्हनून तिच्याशी आजून बोलत न्हाय!

रघू : मी म्हनलो व्हतो, तिच्यावर आळ घेऊ नको.

सोनाबाई : ते ऱ्हाऊ द्या. हे हितं कसं आलं?

रघू : (कॉटच्या कडेला बसत) सांगतो. आधी रागावू नको. आपली सुचिता बाळंतपनाला आली, तो आषाढ. पाऊस उघडंना. पोर दिवसाला तीस लंगोट भिजवायचं. तू शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवायचीस, आन धुरानं पोर शिंकून शिंकून बेजार, डोळं लाल. मला बघवंना.

सोनाबाई : म्हनून तर तुमी बाजारातल्या बेकरीच्या भट्टीवर वाळवून आनत व्हता!

रघू : भट्टी कुटली? हितं दोऱ्या बांधल्या. पंखा लावायचो. कुनी बघू नये म्हनून दारं-खिडक्या घट्ट. सांजच्याला कसे कडक वाळलेले मिळायचे.

सोनाबाई : आन मी अख्ख्या गावाला सांगत फिरले, आमचे हे भट्टीवर लंगोट वाळवतात म्हनून! बेकरीवाला माझ्याकडं बघून हसायचा, ते आत्ता कळलं मला.

तेजस्वी : तीस लंगोटांचं पाणी, रोज, पावसाळाभर, बंद खोलीत. काका, ते सगळं तेव्हा या भिंतीवर साचलं.

रघू : वाळलं म्हंजे गेलं, आसंच वाटलं मला. दोऱ्या काढल्या, फरशी पुसली, दिवाळीला नवी चादर घातली. ताई, खरं सांगा. मोठ्या बाईंचा खोकला माझ्यापायी हाय?

तेजस्वी : लॅबचा रिपोर्ट येऊ दे. पण मला तसंच वाटतंय.

सोनाबाई : पोरी, हे लिवू नको गं. एकोनीस वर्सं राखन करतोय आमी. काम गेलं तर ऱ्हातं घर पन गेलं. ते बंगल्याचंच हाय.

तेजस्वी : काकी, मलाही बरं वाटत नाहीये. पण नाही लिहिलं, तर कारण सापडलं नाही असं होईल. साहेबांनी सांगितलंय, कारण सापडलं नाही तर आईला पुन्हा इथे आणणार नाही. कारण कळलं, तर भिंत खरवडून, औषध मारून खोली नीट करता येते.

सोनाबाई : मग माझं नाव लिव. बाईमानसानं कपडे वाळवले, त्यात कोन काय बोलनार?

रघू : आन खिळे पन तूच ठोकलेस? सरळ खिळा ठोकलेला बघितलाय का तुझा कदी कुनी?

सोनाबाई : चेष्टा नको. मला तरी सांगायचं व्हतं, अवो. मी काय परकी हाय?

रघू : सांगितलं आसतं, तर वाळवू दिलं आसतंस?

सोनाबाई : न्हाय.

रघू : म्हनूनच. ताई, जे हाय ते साहेबांना लिवा. मोठ्या बाई हितं आल्या पायजेत. बंगल्यात त्या नसल्या तर मला करमत न्हाय. पर त्यांना आधी मी सांगतो. खोकतेय ती छाती त्यांची हाय. सोना, लाव फोन.

सोनाबाई : लागला. घ्या. आन हळू बोला, दमलेल्या असतील.

रघू : बाई, रघू बोलतोय. व्हय, आली ती ताई. बाई, तुमच्या खोलीत मी पावसाळाभर नातवाचे लंगोट वाळवले. दार लावून. व्हय, तुमच्याच. आमच्याकडं शेगडीचा धूर व्हायचा म्हनून. त्यानंच बुरशी धरली. तुमचा खोकला माझ्यामुळं हाय, बाई. न्हाय, मस्करी न्हाय करत. आँ? न्हाय. त्याला न्हाय झाला. बरं. बरं, ठेवतो.

सोनाबाई : काय म्हनल्या? रागावल्या?

रघू : आधी नुसत्या खोकल्या.

सोनाबाई : मग?

रघू : मग विचारलं, बाळाला झाला व्हता का रे खोकला पावसात? मी म्हनलं, न्हाय झाला.

तेजस्वी : मग काय म्हणाल्या?

रघू : म्हनल्या, मग माझा खोकला सत्कारणी लागला.